८×४२ दुर्बीण, मायोर्का बेट आणि एक ढिलं कडं : आठ महिन्यांनंतर

मे महिन्यात या दुर्बिणीच्या परीक्षणात दिलेले साडेचार तारे मागे घेतोय. काचेबद्दल तक्रार नाही. दीडशे युरोच्या आत मिळणाऱ्या आठ पटीच्या दुर्बिणीत याहून स्वच्छ चित्र मागणं म्हणजे हाव झाली. तक्रार आहे ती उजव्या डोळ्याच्या डायॉप्टर कड्याची, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणाऱ्या कड्याची. त्याला ना खटका, ना कुलूप. नुसत्या ग्रीसच्या चिकटपणावर ते जागेवर राहतं, आणि स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या उन्हात राहत नाही.

एवढ्याशा कड्यावरून आरडाओरडा कशाला, असं वाटेल. पण हा दोष दोष म्हणून कळतच नाही. कडं दोन-तीन मिलिमीटर सरकलं की उजवं चित्र किंचित मऊ होतं, डावं स्वच्छच राहतं. मग माणूस मधलं फोकसचं चाक पुढे-मागे फिरवत बसतो, दोन्ही डोळे एकमेकांशी भांडतात आणि अर्ध्या तासात कपाळ दुखायला लागतं. घरचे म्हणतात ऊन लागलं, नाहीतर चष्म्याचा नंबर वाढला. दुर्बीण पुन्हा पिशवीत जाते आणि पक्षी पाहणं म्हणजे डोकेदुखी हे कायमचं ठरून जातं.

सरकण्याची कारणं तीन. आयकप (डोळ्याला टेकणारं रबरी तोंड) वर ओढताना अंगठा नेमका त्याच कड्यावर पडतो. गळ्यात लोंबणारी दुर्बीण छातीवरच्या पिशवीच्या पट्ट्याला घासते. आणि भाड्याच्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवली की आतलं ग्रीस पातळ होतं. तिसरं कारण सगळ्यांत वाईट, कारण त्यानंतर कडं फुंकरीनंही हलेल असं वाटतं.

बसवायची रीत बहुतेक जण अर्धवट करतात. पन्नासेक मीटरवरची ठळक कडांची वस्तू घ्या, पाटी किंवा वाळका बोरू. पक्षी नको, तो हलतो. उजव्या भिंगावर झाकण ठेवा. डोळा मिटू नका, मिटल्यावर दुसराही आकसतो. मधल्या चाकानं डावं चित्र धारदार करा. आता झाकण डावीकडे, चाकाला हात न लावता कडं फिरवा, थोडं पुढे नेऊन परत आणा. चष्मा असेल तर चष्म्यासकट आणि आयकप खाली दाबून. मग कड्यावर आणि नळीवर समोरासमोर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. दोघं मिळून एकच दुर्बीण वापरत असाल तर दुसऱ्याच्या नंबरासाठी दुसरा रंग.

या ठिपक्यांची किंमत सल्बुफेरा या पाणथळीतल्या बोरूत कळत नाही. तिथे परवाना मोफत, सा रोका केंद्रापर्यंत सपाट चाल, आणि हाइडसमोर (पक्षी बघायच्या आडोशासमोर) शेकाटे इतके जवळ येतात की जेमतेम फोकस असला तरी भागतं. हा आपल्या उजनीवरचाच शेकाट्या. जांभळी पाणकोंबडी मात्र आपल्याकडच्या राखी डोक्याच्या पाणकोंबडीपेक्षा वेगळी. बेटावरून नाहीशी झाली होती, १९९१पासून पुन्हा आणून सोडली.

खरी परीक्षा डोंगरात. त्रामुंताना रांगेत कुबेर नावाचा जलाशय आहे (नाव ऐकून खजिना शोधू नका, खजिना वर आकाशात असतो). तिथे काळं गिधाड आणि ग्रिफॉन गिधाड दोन्ही घिरट्या घालतात. काळ्याचे पंख फळीसारखे सपाट, ग्रिफॉनचे किंचित वर उचललेले, आणि त्याच्या पंखाचा पुढचा भाग फिकट, मागचा गडद. किलोमीटरभर अंतरावर ही फिकट-गडद रेघ दिसणं किंवा न दिसणं, एवढाच फरक त्या कड्याचा. पोर्त दे पोयेन्साजवळच्या बोकेर दरीतही तेच. बॅलिऐरिक वटवट्या खुरट्या झुडपातून दोन सेकंद शेपूट दाखवतो आणि आत जातो. त्या दोन सेकंदांत डोळ्यांनी भांडत बसून चालत नाही.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर : 'हा दोष नव्हे, वापरानं होणारी झीज.' तीन आठवड्यांच्या वापरानं? वर पाठवण्याचा खर्च आपलाच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीच्या बऱ्याच दुर्बिणींत कडं असंच बिनकुलपाचं असतं.

उपाय फुकटात आहे. इन्सुलेशन टेप लावू नका, उन्हात गोंद पाझरतो आणि पुढे वॉरंटीला तेच निमित्त मिळतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा आडवा काप घ्या, साधारण ८ मिमी रुंद. आतली पांढरी पावडर धुऊन टाका, नाहीतर रबर घसरतं. हे वेटोळं ताणून असं बसवा की अर्धं कड्यावर, अर्धं खालच्या नळीवर येईल. मुद्दाम फिरवलं तर कडं फिरतं, चुकून लागलं तर नाही. आयकपच्या हालचालीत रबर अडकत नाही ना, तेवढं बघा.

ऑक्टोबरनंतरची भर : ट्यूब बसवल्यापासून कडं हललेलं नाही. उलट आधी ज्याला शिव्या घातल्या त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मत बदललं. फोकसचं चाक घट्ट आहे असं मे महिन्यात लिहिलं होतं. ते वापरून मोकळं झालं आणि एलेनोराच्या ससाण्यामागे फिरवताना आता बरोबर वाटतं. हा ससाणा मुद्दाम उशिरा, भर उन्हाळ्यात अंडी घालतो, म्हणजे पिल्लांना शरदात स्थलांतर करणारे छोटे पक्षी खायला मिळतात. नंतर सगळे मादागास्करकडे. म्हणून नोव्हेंबर ते मार्च त्याच्यासाठी जाऊ नका.

बाकी थोडक्यात. सोबतचा पट्टा मान कापतो, खांद्यांवरून जाणारा हार्नेस घ्या. सालोब्रार दे काम्पोसच्या मिठागरांवर ऊन चढलं की हवा थरथरते. केंटिश चिखल्या तेव्हा कोणत्याही दुर्बिणीतून वितळलेलाच दिसणार, पैसे वाढवून उपयोग नाही. समुद्राचे तुषार बसले तर आधी फुंकणीनं वाळू उडवा, मग ओलसर कापड, मग कोरडं. उलटं केलंत तर वाळूच काचेला घासाल. एसी गाडीतून उतरल्यावर बाहेरून धुकं आलं तर पाच मिनिटं थांबा. आतून आलं तर सील गेलं, तिथे मात्र वॉरंटीसाठी भांडा.

आज तीन तारे. ट्यूबसकट साडेतीन, पण ट्यूब कंपनीनं दिलेली नाही.