द एक्स ऐकायचंय: आधी चेलो की सॅक्सोफोन?

१९७९ पासून वाजवणारा ॲमस्टरडॅमचा पंक बँड द एक्स कुठून ऐकावा, या प्रश्नाशी बहुतेक जण दोन अल्बमपाशी अडतात: 'स्क्रॅबलिंग ॲट द लॉक' (१९९१) आणि 'मोआ अन्बेसा' (२००६). दोन्हींत पाहुणा वादक आहे.

पहिल्यात अमेरिकन चेलोवादक टॉम कोरा. त्याचा चेलो खरखरतो, गिटारींशी भांडतो आणि मधेच गाऊ लागतो. ड्रमर काथरिना बोर्नेफेल्डने म्हटलेलं हंगेरियन लोकगीत तर काळजात घुसतं. शब्दांची धार याच अल्बममध्ये जास्त, बँडचा तेव्हाचा गायक जी. डब्ल्यू. सॉकचं गाणं बरंचसं घोषणा दिल्यासारखं आहे. कान तयार व्हायला मात्र वेळ लागतो.

दुसऱ्यात इथिओपियाचे गेताचेव मेकुरिया. युद्धापूर्वीची वीरगर्जना, 'शेल्लेला', त्यांनी सॅक्सोफोनवर आणली. इथे ठेका पहिल्याच मिनिटाला पकडतो. मात्र बँड त्यांच्या मागे उभा राहतो, त्यामुळे द एक्सचा स्वतःचा राजकीय आवाज कमी ऐकू येतो.

जॅझ आवडत असेल, पंक नवीन असेल, तर 'मोआ अन्बेसा' घ्या. बँडचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर कोराचा अल्बम आधी, आणि तो सलग ऐका.