१ रुपयाच्या ट्रायलमागे दर महिन्याला ४९९, घरातल्या मोठ्यांचे फोन तपासा

आम्ही सिंहगड रोडला राहतो. मागच्या वर्षी केबल बंद केली, कारण आम्ही आणि पोरं सगळं मोबाईलवरच बघतो मग डबल खर्च कशाला. पंचाईत झाली आईची, तिला संध्याकाळच्या सिरीयल लागतातच. तेवढ्यात फेसबुकवर जाहिरात आली, मराठी सिरीयलचे भाग टीव्हीच्या आधी बघा, ७ दिवस फक्त १ रुपया. तिने यूपीआयचा पिन टाकला, १ रुपया गेला, भाग काही धड दिसेनात म्हणून ॲप काढून टाकलं.

पुढे पेन्शनची एन्ट्री बघायला पासबुक छापून आणलं तर दर महिन्याला ४९९ कापलेले, आणि नाव कुठल्यातरी भलत्याच प्रायव्हेट लिमिटेडचं, ॲपच्या नावाशी काडीचा संबंध नाही. त्या १ रुपयाच्या पिनवरच ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, चालू करून घेतलं होतं. जाहिरात परत उघडून बघितली, १ रुपया हा एवढा मोठा आणि खाली फिकट राखाडी बारीक अक्षरात ४९९. एकदा पिन दिला की अशा सबस्क्रिप्शनचे १५,००० पर्यंतचे हप्ते परत पिन न विचारता जातात. २४ तास आधी कळवायचा नियम आहे, मेसेज येतही होते, पण इंग्रजीत आणि त्याच भलत्या नावाने, सत्तरीच्या बाईने काय ओळखायचं? खूप संताप येतो. केबलवाला निदान दारात येऊन पैसे मागायचा, आई पावती घेतल्याशिवाय त्याला सोडायची नाही. आता तिच्यासाठी केबल परत घेतलीये.

ॲप डिलीट केलं तरी ऑटोपे चालूच राहतं हे नीट लक्षात ठेवा. यूपीआय ॲपच्या प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असतं तिथे जाऊन रद्द करायचं, दोन यूपीआय ॲप असतील तर दोन्हीत बघा. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, आम्हाला तसा एक मिळाला, तो माणूस पहिल्याच मिनिटाला म्हणे रिफंडसाठी स्क्रीन शेअरचं ॲप टाका, आम्ही फोन ठेवूनच दिला.

मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली. असल्या सबस्क्रिप्शनच्या सापळ्याला केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्या) नियमांत बंदी आहे, तक्रारीत ते जरूर लिहा. शेवटच्या महिन्याचे ४९९ परत आले, आधीचे अजून अडकलेत. कोणी फोनवर गंडवून खातं साफ केलं असेल तर मात्र लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, तिथे उशीर चालत नाही.