विद्यापीठ ग्रंथालयातील प्रदर्शन : मूळ ग्रंथ मांडावेत की छायाप्रतींचे फलक?

विद्यापीठाच्या ग्रंथालयाला प्रदर्शनाचा प्रस्ताव द्यायचा असेल, तर विषय निश्चित झाल्यावर लगेच ठरवण्याची गोष्ट म्हणजे मूळ ग्रंथ मांडायचे की छायाप्रतींचे फलक उभारायचे, कारण जागा, खर्च, मुदत आणि परवानग्या या सगळ्या त्यावरच अवलंबून असतात. एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रण हा विषय डोळ्यांसमोर ठेवून दोन्ही पर्यायांचा विचार येथे केला आहे.

मूळ ग्रंथांच्या बाजूने सर्वांत मोठे कारण या विषयातच आहे. खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापलेल्या पानावर अक्षराचा दाब कागदात किंचित उतरलेला असतो, तर शिळाछापात, म्हणजे दगडावर मजकूर उतरवून केलेल्या छपाईत, अक्षर कागदावर सपाट बसते आणि पुस्तक हस्तलिखित पोथीसारखे दिसते; हा फरक छायाचित्रात जवळजवळ नाहीसा होतो. बंगालमधील श्रीरामपूरला (सेरामपूर) १८१० साली छापलेल्या, विल्यम केरी या ख्रिस्ती मिशनऱ्याच्या मराठी कोशातील मोडी खिळ्यांचा ठसा प्रत्यक्ष पाहायला मिळणे ही विद्यार्थ्याला फलकावरून मिळणारी गोष्ट नव्हे.

परंतु या लाभाची किंमत मोठी आहे. जुन्या कागदासाठी प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) ठेवावा लागतो, आणि प्रकाशाने होणारी हानी साठत जाते, ती भरून येत नाही. म्हणून एकच पान महिनोन्महिने उघडे ठेवता येत नाही. बांधणीवर ताण येऊ नये म्हणून पुस्तकाला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर हवी, आणि मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात ती तशी राखणे अतिशय कठीण असते. वातानुकूलन केवळ कार्यालयीन वेळेत सुरू ठेवून रात्री बंद केल्यास होणारा चढउतार कागदाला आणखी घातक ठरतो, याकडे प्रस्ताव लिहिणाऱ्यांचे अनेकदा दुर्लक्ष होते. ग्रंथ दुसऱ्या संस्थेकडून आणायचे असतील, तर विमा, वाहतूक आणि ग्रंथाच्या स्थितीची लेखी नोंद यांची भर पडते.

फलकांना यातले काहीच लागत नाही. ते मोठ्या आकारात छापता येतात, सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पुठ्ठ्यावर) चिकटवून संलग्न महाविद्यालयांतही फिरवता येतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मजकुराची अडचण सहसा येत नाही. मात्र ज्या संस्थेच्या संग्रहातील प्रतीचे छायाचित्र वापरायचे, तिची लेखी परवानगी घेतलीच पाहिजे. फलकांचा खरा दोष असा की संयोजक त्यांवर अख्खा निबंध उतरवतात आणि येणारा वाचक दुसऱ्या फलकापाशीच थांबतो.

माझ्या मते बहुसंख्य प्रस्तावकांनी फलक मुख्य ठेवावेत आणि यजमान ग्रंथालयाच्याच दुर्मीळ ग्रंथ विभागातील चार-पाच ग्रंथ कुलूपबंद काचपेटीत मांडावेत. त्यामुळे विमा आणि वाहतूक टळते, शिवाय ज्यांना त्या ग्रंथांची प्रकृती ठाऊक आहे असे कर्मचारी या कामात सहभागी होतात. नोव्हेंबरमधील ग्रंथालय सप्ताह किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या कोरड्या हवेच्या दिवसांत ही मांडणी शक्य आहे; जुलै-ऑगस्टमध्ये प्रदर्शन भरवायचे असल्यास केवळ फलकांवर भागवावे. प्रस्तावासोबत ग्रंथांची यादी द्यावी आणि तिच्यात प्रत्येकाचा दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतील क्रमांक), आकार, उघडून ठेवायचे पान व ते किती दिवसांनी उलटायचे हे नमूद करावे, म्हणजे ग्रंथपालांना निर्णय घेण्यासाठी पुन्हा विचारणा करावी लागत नाही.