आठ पोर्टचा स्मार्ट नेटवर्क स्विच, नऊ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ते सेव्ह!

गेल्या मंगळवारी दवाखान्यातला रिसेप्शनचा कॉम्प्युटर अडला नसता, तर मी पाच तारे देऊन दोन ओळींत मोकळा झालो असतो.

खाली बायकोचा दवाखाना, वर आमचं घर, फायबर कनेक्शन एकच. दुसरं घ्यायचं म्हणजे दर महिन्याला आणखी पाच-सहाशे. त्यापेक्षा साध्या स्विचहून हजार-बाराशे जास्त मोजून व्हीलॅनवाला स्विच आणला, म्हणजे एकाच डब्यात एकमेकांना न दिसणारी वेगवेगळी नेटवर्कं करता येणारा. व्हीलॅन समजणारा राउटर आधीपासूनच होता. तो नसेल तर घाई करू नका. स्विच फक्त भिंती घालतो, दारं ठेवायची ती राउटरवर.

नंबर सोपे ठेवले: घर १०, दवाखाना २०, कॅमेरे ३०, पेशंटचं वायफाय ४०. राउटरकडे आणि वायफायच्या डबीकडे जाणारे पोर्ट टॅग्ड (डेटाच्या प्रत्येक पॅकेटवर व्हीलॅनचा नंबर चिकटवून), बाकी सगळे अनटॅग्ड (नंबर न लावता). कॅमेऱ्यांच्या ३० ला राउटरवर इंटरनेट पूर्ण बंद. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या आठवड्यात पीव्हीआयडीने गंडवलं. पोर्ट व्हीलॅनमध्ये टाकायचं पान वेगळं आणि पीव्हीआयडीचं वेगळं. मी सहा नंबरचा पोर्ट ३० मध्ये अनटॅग्ड टाकला आणि खूश झालो. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर त्यावर चालूही झाला! दोन दिवसांनी सहज त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पाहिला तर १९२.१६८.३०.काहीतरी असायला हवा होता, तिथे १९२.१६८.१.२३. पोर्टवर बिनटॅगचं पॅकेट आलं की ते कुठल्या व्हीलॅनचं धरायचं, हे पीव्हीआयडी ठरवतो, आणि तो तसाच १ वर, म्हणजे स्विचसोबत आलेल्या मूळ व्हीलॅनवर, राहिलेला. शिवाय पोर्ट व्हीलॅन १ मधूनही काढला नव्हता. म्हणजे भिंत कागदावरच. काही बंद पडत नाही म्हणून कळतही नाही, हा त्यातला खरा त्रास. पण ही चूक माझी, स्विचचा तारा कापत नाही.

आता मंगळवार. जूनमध्ये रेकॉर्डर दुसऱ्या पोर्टवर हलवून सहा नंबरला रिसेप्शनचा कॉम्प्युटर लावला होता. व्हीलॅन २०, पीव्हीआयडी २०, अप्लाय. अडीच महिने सुरळीत. मंगळवारी पावसात वीज गेली ती पाच तास आलीच नाही, इन्व्हर्टरची बॅटरी संपली. वीज आल्यावर बिलाचं सॉफ्टवेअर उघडेना, प्रिंटर दिसेना. बाहेर अकरा पेशंट. बायको केबिनमधून, "पडलं ना शेवटी बंद तुझं ते डबडं?"

कंपनीच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं गेली. आधी अ‍ॅडॉप्टर बदला, मग रिसेट करा, मग सर्व्हिस सेंटरला आणून द्या. शेवटी पुण्यात नेटवर्किंगमध्ये असलेल्या भाच्याला फोन लावला. त्याचं एकच वाक्य: "मामा, सेव्ह मारलं नव्हतं का?"

नव्हतं. अप्लाय दाबलं की सेटिंग लागतं, पण ते चालू मेमरीत, वीज गेली की पुसलं जातं. कायमचं करायचं तर सिस्टिम टूल्सच्या तळाशी वेगळं सेव्ह कॉन्फिग आहे. सहा नंबर परत ३० मध्ये गेला होता, आणि ३० ला इंटरनेट मीच तोडलेलं. अरे, मग अप्लाय म्हणजे काय? हिरवी टिक कशासाठी? वर एक लाल पट्टी दाखवली असती, 'बदल सेव्ह केलेले नाहीत', तर काय बिघडलं असतं? पंधराशेच्या मोबाइललाही एवढी अक्कल असते. एक तारा इथेच गेला.

भाचा म्हणतो, सिस्को कंपनीच्या मोठ्या स्विचमध्येही असंच असतं. रनिंग कॉन्फिग (आत्ता चालू असलेलं सेटिंग) वेगळं, स्टार्टअप कॉन्फिग (सुरू होताना वाचलं जाणारं) वेगळं. असेल. तिथे पगारी माणूस असतो.

इथवर बुधवारी लिहून ठेवलं होतं. रविवारी व्हीलॅन १ साफ करायला बसलो आणि राउटरच्या पोर्टवरून २० चाच टॅग उडवला. खालचं सगळं गप्प. आधी नेमकं काय होतं ते आठवेना. स्विचची पॉवरची वायर उपसली, पुन्हा लावली, मिनिटभरात सगळं जागेवर, कारण सेव्ह केलेलं नव्हतं. तेव्हा अर्धा तारा परत. अर्धाच, लाल पट्टी हवीच.

जाता जाता: स्विचचं लॉगिन पान कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं, पेशंटच्या वायफायवरूनसुद्धा, आयपी हाताने टाकला की. जाणकार याला मोठा दोष म्हणतील. मी पासवर्ड लांबलचक ठेवलाय.

बॅकअपची फाइल आता पेन ड्राइव्हमध्ये आहे, आणि स्विचवर बायकोच्या प्रिस्क्रिप्शन पॅडचा कागद चिकटवलाय: 'सेव्ह – प्रत्येक बदलानंतर एकदा'. अक्षर तिचंच आहे, त्यामुळे मला सोडून कुणाला वाचता येत नाही.