मोठी थीम, नेमका प्रश्न की थीमच नको?

ज्या मीटिंगचा अजेंडा आलेले लोकच ठरवतात तिथे आयोजकाच्या हातात थीम सोडून फारसं काही राहत नाही, म्हणून ती शेवटच्या क्षणी उरकू नका प्लीज.

मोठी थीम म्हणजे "शिक्षण", "पर्यावरण" असलं काहीतरी. यात कोणाला परकं वाटत नाही हे खरंय, पण सेशनचे विषय लिहायचा कोरा तक्ता बघून बरेच जण गप्पच बसतात, मग नेहमीचे बोलके लोक पाचसहा सेशन मांडून मोकळे होतात आणि एका गटाच्या चर्चेचा दुसऱ्याशी काही संबंधच लागत नाही.

थीमच नको असेल तर लीन कॉफी बघा, 2009 मध्ये सिएटलला सुरू झालेली पद्धत आहे. लोक चिठ्ठ्यांवर विषय लिहितात, मतं देतात, जास्त मतांचा विषय आधी घेतात आणि ठरलेली मिनिटं संपली की पुढे चालू ठेवायचं का ते परत विचारतात. आठदहा ओळखीचे लोक आणि तासाभराची भेट असेल तर हेच करा, थीमवर डोकं शिणवू नका. पण पन्नास अनोळखी लोकांना अख्खा दिवस बोलवायचं असेल तर नुसतं "या, ठरवू" म्हणून कोण येणार?

तिथे मी तरी नेमका प्रश्नच घेईन. हॅरिसन ओवेन यांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या ओपन स्पेस या पद्धतीत, जिथे आलेले लोकच सेशन मांडतात, तिथेही सगळी भेट एका प्रश्नाभोवती बांधतात. उदाहरणार्थ, "नवीन सभासद काही महिन्यांत गळतात, त्यांना टिकवायला आपण काय करू शकतो?" यात दुखणं खरंय, उत्तर कोणाकडेच तयार नाहीये, आणि नवा-जुना प्रत्येकजण काहीतरी सांगू शकतो. मात्र "नवीन अ‍ॅप यशस्वी कसं करायचं?" असं विचारलंत की अ‍ॅप आणायचं हे आधीच ठरलंय हे लोकांना लगेच कळतं, आणि ओपन स्पेसमध्ये दोन पायांचा नियम असतो, म्हणजे जिथे शिकायला किंवा द्यायला काही नाही तिथून सरळ उठून जायचं, तर ते जातीलच. निर्णय झालेला असेल तर साधी माहिती देणारी मीटिंग घ्या, ते जास्त प्रामाणिक आहे.

अजून अडलं असेल तर बोलावणार असलेल्यांपैकी चारपाच जणांना थीम पाठवून विचारा, यावर तुम्ही कुठलं सेशन घ्याल? वेगवेगळी उत्तरं आली तर थीम तीच ठेवा, सगळे एकच बोलले तर थोडी मोकळी करा, आणि कोणाला काहीच सुचलं नाही तर त्यांनाच विचारा की सध्या तुमचं कशात अडतंय.