धावणाऱ्या क्वार्टरबॅकचा प्रश्न आणि बावीस खेळाडूंची चौकट : एका सशुल्क सेवेचा वर्षभराचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात मी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि शाळा सुटल्यावर मुलांचा कबड्डीचा सराव घेतो. अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक सामने दाखवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचे वर्षभराचे सभासदत्व मी घेतले, ते एकाच प्रश्नापायी. महाविद्यालयीन मैदानावर पायांच्या जोरावर सामने जिंकून देणारा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची प्रत्येक चाल हाती घेऊन चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, गेल्यावर टिकतो का? हा प्रश्न मला आमच्याच मैदानावर पडला होता. तालुक्याच्या स्पर्धेत मातीवर एका चढाईत तीन गडी बाद करून येणारा चपळ मुलगा विभागीय स्पर्धेत मॅटवर उतरला की पहिल्याच चढाईत घोट्यापाशी पकडला जातो. त्याचा वेग कमी झालेला नसतो, पण समोरचे सातही जण आता त्याच्याच वेगाचे असतात.

या सेवेत प्रत्येक सामना तीन प्रकारे पाहता येतो : पूर्ण सामना, मधले थांबे वगळून सुमारे 40 मिनिटांत बसवलेला सामना, आणि प्रशिक्षक अभ्यासासाठी वापरतात ते उंचावरून घेतलेले चित्रीकरण, ज्यात दोन्ही संघांचे मिळून बावीस खेळाडू एकाच चौकटीत दिसतात. पहिल्या दोन प्रकारांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. तिसरा प्रकार मात्र इतका मोलाचा आहे की केवळ त्यासाठी पैसे भरले तरी ते वसूल होतात, कारण नेहमीच्या प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि क्वार्टरबॅकला त्या क्षणी कोण मोकळे दिसत होते, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही.

धावण्यासाठी नावाजलेला एनएफएलमधील क्वार्टरबॅक लामार जॅक्सन याची एक चाल मी सात-आठ वेळा थांबवून पाहिली. चेंडू हाती येताच तो तीन पावले मागे येतो. डावीकडून एक बचावपटू अंगावर येत असतो, पण जॅक्सन त्याच्याकडे मान वळवत नाही. अर्धे पाऊल पुढे सरकून तो त्याला पाठीमागून निघून जाऊ देतो, आणि त्याची नजर तोवर एका सहकाऱ्यावरून दुसऱ्यावर गेलेली असते. मैदानाच्या मध्यभागी एक बचावपटू जागेवरच खिळून उभा दिसतो, कारण जॅक्सन धावला तर त्याला अडवणे एवढेच त्याचे काम असते. त्याच्या मागे जी मोकळी जागा पडते, तिथेच चेंडू जातो. जॅक्सन त्या चालीत एक यार्डही (तीन फूटही) धावला नाही, तरीही ती चाल त्याच्या पायांनीच घडवली होती. ही गोष्ट वर्तमानपत्रातील आकडे वाचून मला कधीही उमगली नसती.

महाविद्यालयीन खेळात धावणे सोपे का जाते, हे मैदानाची आखणी आणि नियम पाहिले की स्पष्ट होते. जिथून चाल सुरू होते त्या आतल्या खुणांच्या दोन रांगांमध्ये महाविद्यालयीन मैदानावर 40 फुटांचे अंतर असते, तर एनएफएलमध्ये ते अवघे साडेअठरा फूट असते. त्यामुळे महाविद्यालयात चाल पुष्कळदा एका कडेजवळून सुरू होते आणि दुसऱ्या बाजूला धावणाऱ्यासाठी मोठे रान मोकळे राहते; व्यावसायिक मैदानावर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असल्याने बचाव करणाऱ्यांना तेवढी जागा झाकणे जमते. शिवाय पुढे चेंडू फेकण्याच्या चालीत आघाडीच्या अडवणाऱ्या खेळाडूंना महाविद्यालयात तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येते, एनएफएलमध्ये एकच यार्ड. अडवणारे पुढे सरकले की चाल धावण्याची वाटते; त्यामुळे धावायचे की फेकायचे हे शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवण्याची सवलत एनएफएलमध्ये बरीच कमी होते.

म्हणूनच नुसत्या पायांवर आलेले टिकले नाहीत, असे माझे मत झाले आहे. क्वार्टरबॅक टिम टीबो फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना 2007 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा मान, जिंकून आला, 2011 च्या हंगामात त्याने एनएफएलमधील डेन्व्हरच्या संघाला बाद फेरीचा एक सामनाही जिंकून दिला, पण त्या हंगामात त्याच्या निम्म्याहूनही कमी फेकी सहकाऱ्यांच्या हाती पडल्या आणि लवकरच त्याला संघ उरला नाही. दुसरा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन याचे दुःख वेगळे आहे. पदार्पणाच्या 2012 च्या हंगामात तो सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला, जानेवारी 2013 मध्ये त्याचा गुडघा निकामी झाला आणि तो वेग पुन्हा कधी दिसला नाही. याउलट जॅक्सनने वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा खेळाडू, व्हावे, असा सल्ला एनएफएल संघ महाविद्यालयीन खेळाडू निवडतात त्या 2018 च्या निवडीपूर्वी बिल पोलियन यांच्यासारख्या अनुभवी संघव्यवस्थापकाने दिला होता, आणि त्याच जॅक्सनने 2019 मध्ये 1206 यार्ड धावून आणि 36 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोहोचवून मिळणारे गुण) फेकून सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान एकमताने मिळवला. क्वार्टरबॅक जॉश ॲलनचे उदाहरण मला सर्वांत अधिक धीर देते, कारण 2018 मध्ये 52.8 टक्के असलेली त्याची अचूकता 2020 मध्ये 69.2 टक्क्यांवर गेली. फेक शिकवता येते, याचा याहून चांगला पुरावा कुठल्याही प्रशिक्षकाला नको. फेब्रुवारी 2025 मधील सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सने 22 पैकी 17 फेकी अचूक टाकल्या आणि वर 72 यार्ड धावला. तो सामना मी दोनदा पूर्ण पाहिला.

सेवेतील उणिवाही सांगायला हव्यात. महाविद्यालयीन सामने यात मुळीच नाहीत, त्यामुळे खेळाडू आधी कसा खेळत होता आणि नंतर काय बदलले, ही तुलना अर्धवट राहते. बावीस खेळाडूंचे चित्रीकरण सामन्यानंतर दोन दिवसांनी येते. समालोचन इंग्रजीतच आहे आणि ते नवख्याला झेपत नाही. रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरपासून साडेअकराला सुरू होतात. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असते तेव्हा हरभऱ्याला पाणी देताना बांधावर बसून ते पाहता येतात, पण शिवारात नेटवर्क एकाच रेघेवर असले की चित्र वारंवार अडकते. घरी सामना उतरवून घेऊन नेणे हाच त्यावर उपाय आहे. सभासदत्वाचे नूतनीकरण आपोआप होते आणि तशी पूर्वसूचना मला मिळाली नाही, ही तक्रार मी सेवेच्या ग्राहक विभागाकडे लेखी नोंदवली आहे.

केवळ करमणूक हवी असेल तर ही सेवा महाग वाटेल. खेळ शिकवणाऱ्या माणसाने मात्र ती अवश्य घ्यावी, आणि हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी असा असल्याने सोयाबीन सोंगणीला येण्याच्या सुमारासच घ्यावी. जॅक्सनची ती चाल मी आमच्या सर्वांत वेगवान चढाईपटूला मोबाइलवर दाखवली. दुसऱ्यांदा पाहताना त्याने जॅक्सनकडे न पाहता मध्यभागी खिळलेल्या बचावपटूवर बोट ठेवले आणि विचारले, ‘सर, हा हलत काऊन नाही?’