ब्राउन ट्राउटसाठी गाइडसोबत दोन दिवस

फ्लाय-फिशिंगच्या, म्हणजे कीटकासारखे दिसणारे नकली आमिष (फ्लाय) टाकून मासे पकडण्याच्या, दोन दिवसांच्या या सहलीत माझ्या जाळीत एकूण तीन मासे आले: पहिल्या दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दोन. तरीही पहिल्या दिवसाचे पैसे मी पुन्हा आनंदाने मोजीन आणि दुसऱ्या दिवसाचे मोजताना हात आखडता घेईन. नदी तीच होती, साहित्यही तेच होते. बदलला तो गाइड. पहिल्या दिवशीच्या गाइडला दुसऱ्या एका गटाबरोबर पाठवण्यात आले आणि मला व माझ्या मेहुण्याला न विचारताच आमच्याकडे दुसरा माणूस आला. नदीचे नाव इथे देत नाही, कारण एवढ्या लहान नदीचे नाव एकदा जाहीर झाले की तिच्या काठाने पायवाट पडायला वेळ लागत नाही, आणि निरोप घेताना पहिल्या गाइडने तशी विनंतीही केली होती.

जाहिरातीत ‘जंगली ब्राउन ट्राउट’ असे शब्द होते आणि ते खरे ठरले. मात्र जंगली म्हणजे मूळचा तिथलाच असे नव्हे. हा मासा मुळात युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेचा. १८६४ मध्ये त्याची अंडी बर्फात जपून जहाजाने इंग्लंडहून टास्मानियाला नेण्यात आली, १८८३ मध्ये ती जर्मनीतून अमेरिकेत पोहोचली आणि १९०० मध्ये स्कॉटलंडहून काश्मीरला. त्यामुळे जगातल्या कित्येक नद्यांत तो पाहुणाच आहे. त्याच नदीच्या खडीत अंड्यातून बाहेर पडून कुणी दाणा न घालता वाढलेला, तो जंगली. हौदात वाढवून नदीत सोडलेल्या माशाचे पर बहुधा झिजलेले, कडा तुटलेल्या असतात. आम्हाला मिळालेल्या माशांचे पर अखंड होते आणि अंगावरच्या लाल ठिपक्यांभोवतीची फिकट कडी स्पष्ट दिसत होती.

पहिल्या दिवशी सकाळी गाइडने आम्हाला पाण्याजवळ जाऊच दिले नाही. आधी अर्धा तास गवतावर रॉड फिरवायला लावला, आणि माझे मनगट मागच्या फेकीत फार कलते हे दोन फेकींतच ओळखून रॉडची मूठ माझ्या बाहीच्या टोकाला बांधून टाकली. त्यानंतर तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि एक दगड उलटा करून आमच्यासमोर धरला. दगडाला बारीक खड्यांच्या नळ्या चिकटलेल्या होत्या. ती कॅडिस नावाच्या कीटकाच्या अळ्यांनी स्वतःच्या रेशमाने सांधलेली घरे. त्यांच्यामधून तीन शेपट्यांचे, चपटे मेफ्लाय या कीटकाचे निम्फ, म्हणजे पाण्यात वाढणारी पिल्ले, सरपटत ओल्या बाजूकडे पळत होते. पंख फुटल्यानंतरही पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकमेव कीटकगण आहे आणि प्रौढ झाल्यावर तो काहीच खात नाही, हे मला तिथेच कळले. गाइडने आपली डबी उघडून त्या निम्फच्या आकाराची आणि रंगाची फ्लाय शोधली, तेव्हा फ्लायच्या डबीतले शंभर नग म्हणजे हौस नसून शब्दकोश असतो हे पटले.

पुढचे दोन तास आम्ही प्रवाहाच्या उलट दिशेने, वाकून चालत राहिलो. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो आणि त्याला थेट मागचे दिसत नाही, शिवाय पाण्यात शिरताना प्रकाश वळत असल्यामुळे काठालगत बसकण मारलेला माणूस त्याच्या नजरेतून बराचसा सुटतो. गाइडचे सगळे चालणे या दोन गोष्टींवर बेतलेले होते. एकाने गळ टाकायचा तेव्हा दुसऱ्याने उंच काठावर पालथे पडून पाहायचे, अशी पाळी त्याने लावली. खरे सांगायचे तर मला या पाहण्यातच अधिक रस वाटू लागला. पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा लावूनही कितीतरी वेळ मला नुसते दगडच दिसत होते. “मासा शोधू नका, तळावरची सावली शोधा,” असे तो म्हणाला, आणि मग पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी एक सावली हलली, तिच्यावर एक पिवळसर तपकिरी पाठ उमटली, आणि क्षणभर उघडलेल्या तोंडाची पांढरी रेघ दिसली.

त्या माशावर मी चार वेळा फ्लाय टाकली. तीन वेळा मधला वेगवान प्रवाह दोर ओढत होता, त्यामुळे फ्लाय पाण्याबरोबर न वाहता पाण्यावर घासत जायची, आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. चौथ्या वेळी गाइडने दोर पडताक्षणी त्याला वरच्या बाजूला झोल द्यायला लावला. मासा अगदी सावकाश वर आला, फ्लायखाली थबकला, आणि मी घाईने रॉड उचलून त्याच्या तोंडातून ती काढून घेतली. गाइड काही बोलला नाही; त्याने फक्त ०.१५ मिलीमीटर जाडीचे टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा दोराच्या टोकाचा बारीक धागा, बोटांमध्ये ओढून पाहिले आणि गाठ नव्याने बांधली. दिवसातला माझा एकमेव मासा तासाभराने मिळाला, तोही वीतभरच. टोकाला उलटा काटा नसलेला गळ, रबरी जाळी, आधी ओले केलेले हात. मासा पाण्याबाहेर राहिला तो मोजून पाच सेकंद. दुपारी दोन वाजता पाण्याचे तापमान १९ अंश सेल्सिअस भरले, तेव्हा त्याने आमचे दोर गुंडाळायला लावले. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो, एवढे कारण त्याने दिले आणि ऊन उतरेपर्यंत आम्हाला गाठी शिकवल्या.

साहित्याबद्दल तक्रार नाही. नऊ फुटी पाच नंबरचे (हा नंबर दोराच्या वजनाचा) रॉड चांगले होते, वेडर, म्हणजे पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक विजारी, कुठे गळत नव्हते. बुटांचे तळ रबराचे होते, नमद्याचे (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचे) नव्हते, हेही योग्यच. नमदा दिवसेंदिवस ओला राहतो आणि एका नदीतले शेवाळ व रोगजंतू दुसरीत नेतो.

दुसऱ्या दिवसाचा गाइड स्वभावाने आमच्याशी अधिक मोकळा होता, पण तो स्वतःचा रॉड घेऊन आला होता आणि चांगल्या दिसणाऱ्या डोहांत पहिली फेक त्याचीच असे. त्याने दगड उलटला नाही, काही दाखवले नाही. निम्फसारखी दिसणारी एक जड फ्लाय बांधून दिली आणि खोल पाणी विंचरायला सांगितले. मासे मिळाले हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यांतला मोठा मासा छायाचित्रासाठी त्याने कोरड्या खडीवर ठेवला, नंतर दोन्ही हातांनी बराच वेळ उंच धरला, आणि सोडल्यावर तो उताणा झाला. मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून बसलो. कल्ले पुन्हा नेमाने हलू लागायला चार-पाच मिनिटे गेली असावीत, आणि शेपटी झटकून तो निघून गेला तेव्हा ऐन दुपार होती. त्या दिवशी थर्मामीटर कुणी आणलेच नव्हते.

सहल चालवणाऱ्यांना मी हे सविस्तर कळवले. त्यांचे उत्तर नम्र होते, परंतु विशिष्ट गाइड मिळेलच अशी हमी आरक्षणात नसते, यापलीकडे त्यात काही नव्हते. एका गाइडमागे किती जण, तो स्वतः गळ टाकतो का, पाणी किती तापल्यावर थांबतो, हे प्रश्न मी आरक्षणाआधी विचारायला हवे होते, ही चूक माझीच. पुढच्या हंगामासाठी मी पहिल्या गाइडच्या नावानेच तारीख मागितली आहे, आणि तो उपलब्ध नसल्यास त्याच्या जागी कुणाला न पाठवता तारीख पुढे ढकलावी, असे या वेळी लेखी घेतले आहे.